लिलावातलं घर घेताय? आधी जुने फेरफार वाचा
बँकेच्या लिलावातलं घर स्वस्त दिसतं, पण जाहिरातीत बहुधा 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे' असं छापलेलं असतं. म्हणजे मागाहून भावकीचा दावा निघाला, तर निस्तरायचं तुम्हीच. म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढाच, पण जुने फेरफारही, म्हणजे मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, बारकाईने वाचा. वारसनोंदीत बहिणींची नावं आणि गहाणखतावर सही एकट्या भावाची, असं दिसलं तर तिथेच थांबा. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. भावाच्या एकट्याच्या सहीने बहिणीचा हिस्सा सहसा गहाण पडत नाही. आणि ती बहीण कोर्टात आली, तर तिचं काही चुकलेलं नसतं. मालकी आणि बोजे तपासणारा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्या, बँकेच्या नव्हे. सरफेसी कायद्याखालचा (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता विकू देणारा कायदा) लिलाव असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम 17 चा, म्हणजे बँकेच्या कारवाईविरुद्धचा, अर्ज पडलाय का, तेही बघा. जागेवर कोण राहतंय हे शेजाऱ्यांना विचारा. हे सगळं बोलीआधीच, कारण बोली लागली की 25 टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावी लागते, आणि उरलेले पैसे मुदतीत भरले नाहीत तर ती जप्त होते.