इटलीत गावोगावचं जेवण शोधताना या चुका टाळा

बोलोन्यात बसून ‘स्पॅगेटी बोलोनेझ’ मागवणं ही पर्यटकांची सगळ्यात जुनी चूक. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला खिम्याचा रागू तिथे तालियातेल्लेवर, म्हणजे अंडं घालून लाटलेल्या चपट्या पास्त्यावर घालतात. या पास्त्याचा पृष्ठभाग खरबरीत असल्याने रागू त्याला धरून राहतो. गुळगुळीत, गोल स्पॅगेटीवरून मात्र तो घसरतो आणि बशीच्या तळाशी बसतो. या पास्त्याचा बोलोन्यात इतका अभिमान आहे, की १९७२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये त्याची अधिकृत रुंदी नोंदवली गेली: शिजल्यावर ८ मिलिमीटर.

म्हणून आधी गाव ठरवा, मग पदार्थ. कार्बोनारा (अंड्याचा पास्ता) आणि काचो ए पेपे (चीज आणि काळी मिरीचा पास्ता) रोममध्ये खा. कार्बोनारात मलई नसते. अंड्याचा बलक, पेकोरिनो चीज आणि पास्त्याचं गरम पाणी मिळूनच तो दाटपणा येतो. पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांची चीज घातलेली चटणी लावलेला पास्ता, जेनोवात खा, आणि त्यात बटाटा व फरसबी दिसली तर ताट चुकून आलं असं समजू नका. तिथली रीतच ती आहे. नापोलीच्या पिझ्झाचा मध्य मऊ, ओलसर असतो. भट्टीचं तापमान ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो, त्यामुळे तो कुरकुरीत होत नाही. ‘कच्चा राहिला’ म्हणून परत पाठवू नका.

शाकाहारी मंडळींची सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘सेन्झा कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच सांगून निर्धास्त होणं. अनेक स्वयंपाकघरांत कार्ने म्हणजे मांसाचा तुकडा. मासे, हाडांचं पाणी, चवीपुरते घातलेले डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे त्यात धरले जातीलच असं नाही. पुलियाच्या ओरेक्किएत्ते पास्त्यात हिरव्या पालेभाजीबरोबर अँकोव्ही हा खारवलेला मासा विरघळवलेला असतो; तो दिसत नाही. मिलानच्या केशरी रिसोत्तोत (मऊ शिजवलेल्या भातात) परंपरेने मांसाचं पाणी आणि बैलाच्या हाडातला मगज पडतो. रोमान्या भागातली पिआदीना दिसते आपल्या पोळीसारखी, पण तिच्या पारंपरिक कणकेत डुकराची चरबी असते. सिसिलीच्या कान्नोलो या गोड पदार्थाच्या कुरकुरीत नळीतही तीच.

तेव्हा प्रश्न नेमके विचारा: ‘ब्रोदो दी कार्ने?’ (मांसाचं पाणी आहे का), ‘अच्चूगे?’ (अँकोव्ही), ‘स्त्रुत्तो?’ (डुकराची चरबी). युरोपीय संघाच्या नियमानुसार १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती हॉटेलला द्यावीच लागते. त्या यादीत मासे आणि अंडी असतात, त्यामुळे लपलेली अँकोव्ही तिथे सापडते. पण मांस, चरबी हे त्या १४ मध्ये नाहीतच. तक्त्यात काही दिसलं नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

चीजचं वेगळं. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांनुसार दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. हे चालणार नसेल तर पेस्तोसुद्धा वर्ज्य ठरतो. अशांसाठी नापोलीचा मारिनारा पिझ्झा चांगला. नावात समुद्र आहे, पण वर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. चीजही नाही, मासेही नाहीत.

आणि ज्यांच्या घरी धिरडं, पिठलं होतं त्यांनी जेनोवाची फारिनाता चुकवू नये. हे बेसनच! १ भाग चण्याचं पीठ, ३ भाग पाणी आणि मीठ. पीठ काही तास मुरवून वरचा फेस काढतात, भरपूर ऑलिव्ह तेल ओतलेल्या कल्हईच्या तांब्याच्या मोठ्या परातीत पातळ पसरतात आणि लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून काळी मिरी. इथे चूक होते ती वेळेची: काचेमागे तासभर पडलेला तुकडा चिवट आणि तेलकट लागतो. परात भट्टीतून निघेपर्यंत थांबा. काही ठिकाणी बारीक मासे घातलेली फारिनाताही मिळते, तेवढं विचारून घ्या. पालेर्मोला याच पिठाच्या तळलेल्या वड्या मिळतात, पानेल्ले, पावात घालून. मात्र त्याच दुकानात बऱ्याचदा प्लीहेचा पावही विकतात आणि प्लीहा चरबीत परततात. कढई वेगळी आहे ना ते पाहा.

बिलाचे घोळ बहुधा वाचनाचे असतात. मेन्यूत ‘एत्तो’ म्हणजे १०० ग्रॅम. माशासमोर ‘७ युरो एत्तो’ लिहिलं असेल तर ६०० ग्रॅमचा मासा ४२ युरोंना पडतो. तो शिजवायला टाकण्याआधी वजन करून दाखवायला सांगा. कोपेर्तो ही माणशी बैठकीची आकारणी मेन्यूवर छापलेली असते. ती टीप नव्हे आणि फसवणूकही नव्हे. मुख्य पदार्थाबरोबर भाजी आपोआप येत नाही, ‘कोन्तोर्नो’ या मथळ्याखालून वेगळी मागवावी लागते. पदार्थापुढे तारांकन असेल तर त्यातला एखादा घटक सहसा गोठवलेला असतो.

दुपारी ४ वाजता भूक लागेल असं ठरवून फिरू नका. बहुतेक स्वयंपाकघरं अडीच-तीनला बंद होतात आणि साडेसातच्या आसपास उघडतात. मधल्या वेळेत वजनावर मिळणारा पिझ्झा आल तालिओ घ्या. कापण्याआधी तुकडा केवढा हवा ते हाताने दाखवा, नाहीतर कापणारा त्याच्या अंदाजाने मोठा तुकडा देतो.