वर्षअखेरची आठवडाभर सुट्टी: या चुका टाळा

डिसेंबर निम्मा सरला की ऑफिसातल्या मंडळींना आठवतं, रजा शिल्लक आहेत आणि ३१ तारखेनंतर लॅप्स होणार. मग नाताळचा आठवडा सगळे घरी. "यंदा कुठे जायचं नाही, घरातली कामं उरकायची." जानेवारीत विचारावं तर, "छे, लोळण्यातच गेला." लोळण्याला माझी हरकत नाही. धड लोळलेही नाहीत आणि धड कामही नाही, हे बघवत नाही.

पहिल्याच दिवशी अख्खा माळा उतरवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आमच्या साडूंनी सोमवारी सकाळी शिडी लावली. पितळी बंब, पाळणा, लग्नात आलेले आणि अजून न उघडलेले लेमन सेट, टीव्हीचा खोका थर्माकोलसकट, दिवाळी अंकांचे गठ्ठे. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. मग साहेब एका जुन्या अंकात घुसले ते जेवायची हाक ऐकून बाहेर आले. मेहुणी विचारतेय, "हे काढू का?" आणि हे, "राहू दे, बघू." दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा फोन आला, उद्या येतोय म्हणून. रात्री सगळं होतं तसं परत वर. थर्माकोलसुद्धा! उरलेला आठवडा साडू कंबरेला बाम चोळत पडून होते.

मी आधी भंगारवाल्याला वेळ देतो, मगच माळ्याला हात लावतो. तो दाराशी वजनकाटा घेऊन उभा असला की "राहू दे, बघू" आपोआप कमी होतं. रोज अंघोळीआधी एक खोकं खाली. त्याचा निकाल लागल्याशिवाय दुसरं नाही. आठवड्यात अर्धाच माळा होतो. होऊ दे.

गंजावरच रंग फासणे

खिडकीचं ग्रिल एका दुपारीत चकाचक करणारे वीर प्रत्येक सोसायटीत असतात. ओल्या फडक्याने पुसलं, ऑइल पेंट मारला, फोटो काढून ग्रुपवर टाकला. पावसाळ्यात त्याच रंगाचे पापुद्रे निघतात, कारण रंग लोखंडाला धरलेलाच नसतो, सुट्या गंजाला धरलेला असतो. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, कोरड्या फडक्याने धूळ साफ, मग रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाआधी लावायचा गंजरोधक प्रायमर. तो रात्रभर सुकू द्यायचा. दुसऱ्या दिवशी रंगाचा पहिला हात, तिसऱ्या दिवशी दुसरा.

यात खरं काम रोज तासा-दोन तासांचं. बाकी वेळ रंग सुकतोय आणि आपण आडवे. म्हणून सुट्टीसाठी मी अशीच कामं निवडतो, ज्यांत थांबणं भागच असतं. भरीत-भाकरी खाऊन दुपारी ताणून दिली तरी कोणी बोलत नाही. विचारलंच तर "रंग सुकतोय" हे उत्तर तयार. पण उतावळ्यांना थांबणं जमत नाही. बोट लावून बघतात, मग ठसा उमटला म्हणून पुन्हा ब्रश फिरवतात.

बँकेचं काम या आठवड्यावर टाकणे

२५ ला नाताळची सुट्टी. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, आणि चौथा शनिवार नेहमी २२ ते २८ मध्येच येतो. केवायसी, लॉकर, नॉमिनीचा फॉर्म, जे असेल ते आठवड्याच्या सुरुवातीलाच, बँक उघडताना जाऊन संपवा.

बाकीच्या किरकोळ

नळाचा वॉशर बदलायचा तर आधी मेन कॉक बंद करा. हे सांगावं लागतं, हीच कमाल आहे.

"मी घरीच आहे" असं नातेवाइकांत जाहीर करू नका. दळणापासून स्टेशनवरून कुणाला आणण्यापर्यंत सगळं तुमच्यावर येईल.

ऑफिसचा लॅपटॉप "फक्त मेल बघायला" उघडू नका.

यूट्यूबवर "पाच मिनिटांत फर्निचर पॉलिश" बघून कपाटावर प्रयोग नकोत. सुताराला बोलवा.

आणि रविवारी संध्याकाळी उरलेलं ग्रिल घाईने उरकायला बसू नका. डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवा, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवा. पाण्यात बुडवून ठेवून काही होत नाही, ऑइल पेंट आहे तो.