बालवाडीत नव्यानं रुजू होताय? आधी भातुकलीच्या कोपऱ्याशेजारी बसा

बालशिक्षणाचा डिप्लोमा हातात पडला की मुलाखतीचं बोलावणं येतं आणि बहुतेक ठिकाणी सांगतात, वर्ग घेऊन दाखवा. मग आपण तक्ते, बाहुली, बडबडगीतं असा सरंजाम घेऊन जातो आणि वीस मिनिटं आपणच बोलतो. नोकरी लागल्यावर कळतं की या कामात गप्प बसता येणं फार मोलाचं आहे. मी कोल्हापुरात बरीच वर्षं छोट्या गटाला शिकवते. नव्या शिक्षिकेला सुरुवातीला मी एवढंच सांगते: खेळाच्या कोपऱ्यालगत वही घेऊन बसा, आणि पोरांनी हाक मारल्याशिवाय आत शिरू नका.

काय बघायचं, ते आधी सांगते. दीडेक वर्षाचं मूल रिकामी वाटी तोंडाला लावून पाणी प्यायल्यासारखं करतं, तिथून हे सुरू होतं. दोन-अडीच वर्षांची दोन मुलं शेजारी बसून आपापल्या भाकऱ्या थापतात, एकमेकांकडे बघतात, पण खेळ वेगळाच. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ मध्ये याला समांतर खेळ म्हटलं. ‘पोरं मिसळत नाहीत’ अशी तक्रार घेऊन पालक आले की हे आठवा. त्या वयात ते तसंच असतं. चौथ्या वर्षाच्या आसपास ‘तू डॉक्टर, मी पेशंट’ सुरू होतं आणि मग भांडणंही. कोण काय होणार हे ठरवण्यातच पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात. नव्या बाईंना वाटतं वेळ वाया चालला, आणि त्या भूमिका वाटून देतात. तसं करू नका. आपलं म्हणणं मांडणं, दुसऱ्याचं ऐकणं, ‘आज तू हो, उद्या मी’ असा तोडगा काढणं, हे सगळं त्या घासाघाशीतच होतं. म्हणून वेळापत्रकात या खेळाला सलग पाऊण तास मागून घ्या. पंधरा मिनिटांत भूमिका ठरतात आणि तेवढ्यात घंटा होते.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांचं नाव अभ्यासक्रमात येतंच. काठीचा घोडा करताना मूल वस्तू आणि तिचा अर्थ वेगळा करायला शिकतं, हे त्यांचं म्हणणं परीक्षेपुरतं पाठ असतं. मला त्यापेक्षा त्यांचा दुसरा मुद्दा कामाचा वाटतो: खेळातलं मूल नियम स्वतःहून पाळतं, कारण भूमिकाच तशी असते. त्याच परंपरेतल्या मनुइलेन्को यांनी १९४८ मध्ये मुलांना एका जागी न हलता उभं राहायला सांगितलं. नुसत्या सूचनेपेक्षा पहारेकरी झाल्यावर मुलं जास्त वेळ स्थिर राहिली. आपल्याकडं ‘गप बस’ म्हणून न बसणारं पोरगं केएमटीच्या सिटी बसचा कंडक्टर झालं की रांग लावून घेतं, तिकीट फाडल्याशिवाय कुणाला सोडत नाही, आणि स्वतः शेवटी चढतं.

स्वावलंबनही याच वाटेनं येतं. ‘पाहुणे-पाहुणे’ खेळात आमच्याकडं खरं पाणी असतं. छोटा तांब्या, पितळी पेले, सांडलं तर पुसायला फडकं शेजारीच. घरी आई भरवते ती मुलगी इथं चार पाहुण्यांना पाणी देते, सांडलेलं पुसते, पेले विसळून पालथे घालते. गुंड्यांचं तसंच. शर्टाची गुंडी लावायला नकार देणारा मुलगा डॉक्टरचा कोट मात्र स्वतः घालतो, कारण डॉक्टरला कोण घालून देणार?

इथं थोडं विषयांतर करते, कारण मॉन्टेसरीचं प्रशिक्षण घेतलेल्या मुली गोंधळतात. इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. खोट्या स्वयंपाकापेक्षा खऱ्या कामाकडं मुलं ओढली जातात, असं त्यांचं निरीक्षण होतं. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धत आपल्या मातीत आणली. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या मुलांसाठी बालवाडी चालवली, तेव्हा परिसरात मिळेल त्या वस्तूंचीच साधनं केली. माझं मत विचाराल तर खरं काम की खोटा खेळ हा वाद वर्गाच्या दारातच संपतो. खरं पोळपाट-लाटणं आणि खरी कणीक द्या. पोळी कुणासाठी करायची ते मूल ठरवील.

सामानावर संस्थेला पैसे खर्च करायला लावू नका. प्लास्टिकचा तयार किचन सेट किचनच राहतो. जुनी साडी मात्र तंबू होते, नदी होते, जोतिबाच्या यात्रेतला पालखीवरचं छत्र होते, आणि मग ‘चांगभलं’ असा गजर उठतो. कपिलतीर्थ मंडईतून दोन-चार टोपल्या आणा, जुना तराजू, धान्याची मापं, पत्र्याचे डबे गोळा करा. बेंदूर झाला की घरोघरचे मातीचे बैल मागवा. तीन वर्षांखालची मुलं असतील तर मणी, बिया, गोट्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या बाहेरच ठेवा. तोंडात काय जाईल सांगता येत नाही.

आत कधी शिरायचं? खेळ अडला, एकच गोष्ट नुसती फिरत राहिली किंवा एखादं मूल काठावर उभं राहून बघतच राहिलं, तर. तेव्हाही बाई म्हणून जाऊ नका, गिऱ्हाईक म्हणून जा. आमच्याकडं एकदा गंगावेशीतला दूध कट्टा मांडला होता. दोन पोरं म्हशी, एक धार काढणारा, बाकीचे पेले घेऊन रांगेत. एक मुलगी लांबच उभी. मी रांगेत उभी राहिले आणि म्हटलं, ‘माझा पेला घरी राहिला, कुणी देईल का?’ ती पेला घेऊन आली आणि माझ्यामागं उभी राहिली. मी दूध प्यायले आणि निघून आले. ‘म्हशीला पाय किती?’ हा प्रश्न जिभेवर आला तर गिळून टाका. तो विचारला की खेळ संपतो आणि तोंडी परीक्षा सुरू होते.

पालकांच्या प्रश्नांची तयारी ठेवा. ‘अभ्यास कधी घेता?’ हा प्रश्न येणारच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं वय ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला आणि ऑक्टोबर २०२२ च्या त्या टप्प्याच्या अभ्यासक्रम आराखड्यानं खेळाला मध्यभागी ठेवलं, हे सांगून बघा. फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा किराणा दुकानाच्या खेळात पोरानं लिहिलेली उधारीची वही दाखवा. त्यात रेघोट्या असतात, मधेच एखादा ओळखीचा आकडा, स्वतःच्या नावातलं एखादं अक्षर. आईबापांना ते लगेच दिसतं.

मुलग्यांच्या वडिलांचा वेगळाच सूर असतो. ‘बाई, पोरगं भाकऱ्या थापायलंय व्हय?’ मी त्यांना विचारते, तालमीत पैलवानांची थंडाई कोण घोटतं, जेवण कोण करतं? कोल्हापूरच्या माणसाला यावर बोलता येत नाही.

एक गोष्ट मात्र जपून. खेळात घर येतं, आणि सगळीच घरं सारखी नसतात. कुणी बाहुलीला मारतं, कुणी झिंगत घरी येणारा बाप होतं. ऊसतोडीच्या हंगामात आलेली मुलं कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, बांधतात, पहाटे उठून निघायचा खेळ खेळतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी मागं राहतं. असं दिसलं की ओरडून खेळ मोडू नका, ‘असं घाण खेळायचं नाही’ म्हणू नका. कुणाला लागणार नाही एवढं बघा. काय झालं, मूल काय म्हणालं, ते त्याच्याच शब्दांत तारखेसह वहीत लिहा. एकदा खेळलं म्हणून लगेच घरी काहीतरी घडतंय असा अर्थ लावू नका. टीव्हीवरचंही खेळात येतं. पण तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आला, तिथंच अडकला, किंवा मूल खेळताना घाबरलेलं दिसलं, तर वही घेऊन मुख्याध्यापिकेकडं जा. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर त्याची चर्चा करायची नाही, आणि पालकांना परस्पर फोनही करायचा नाही.

वही साधी शंभर पानी चालते. डाव्या पानावर जे दिसलं ते, उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं ते. दोन्ही एकाच पानावर लिहिलं की महिन्याभरानं पाहिलेलं कोणतं आणि अंदाज कोणता हे तुमचं तुम्हालाच कळत नाही.