होमर वाचायचाय? आधी अनुवादक निवडा

ऑनलाइन ‘इलियड’, म्हणजे प्राचीन ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, शोधलं की ढीगभर आवृत्त्या समोर येतात आणि आपण त्यातली सगळ्यात स्वस्त उचलतो. ती बहुधा स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या अनुवादाची असते. जड, जुनाट इंग्रजीत दहा पानं कशीबशी होतात आणि पुस्तक कपाटात जातं. बोल मात्र होमरला लागतो.

म्हणून किमतीआधी अनुवादकाचं नाव बघा. ते छापलेलंच नसेल तर प्रत सोडून द्या.

मग एकच प्रसंग दोन-तीन अनुवादांत वाचून पाहा. 24व्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम ग्रीक योद्धा अकिलीसच्या तंबूत शिरतो, त्याचे गुडघे धरतो आणि आपली मुलं मारणाऱ्या त्याच हातांचं चुंबन घेतो. मुलगा हेक्टर याचं प्रेत परत मिळावं म्हणून. रिचमंड लॅटिमोर (1951) इथे मूळ ओळींना धरून, संथ चालतो. रॉबर्ट फेगल्सला (1990) वेग आहे, तो मोठ्याने वाचावा. एमिली विल्सनची (2023) भाषा सगळ्यात साधी. पहिल्या वाचनाला मी विल्सनच सुचवेन. लॅटिमोर दुसऱ्या फेरीला.

खरं तर सुरुवात ‘ओडिसी’पासून, म्हणजे युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसवरच्या होमरच्या दुसऱ्या महाकाव्यापासून केलेली बरी. एकडोळ्या राक्षसाची गुहा, चेटकीण सर्सी, गाण्याने भुलवणाऱ्या सायरन हे सगळं 9 ते 12 या सर्गांत आहे. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी खुशाल ओलांडा. आणि ग्रीकांनी ज्याच्या पोटात लपून ट्रॉय घेतलं त्या लाकडी घोड्याची वाट बघत बसू नका. ‘इलियड’ हेक्टरच्या अंत्यसंस्काराशी संपतं. घोडा सविस्तर भेटतो तो रोमन कवी व्हर्जिलच्या लॅटिन ‘इनिड’मध्ये, दुसऱ्या सर्गात.

नावांना घाबरू नका. अकियन, डॅनाअन, आर्गाइव्ह म्हणजे सगळे ग्रीकच. पार्थ, कौंतेय, धनंजय म्हणजे एकच अर्जुन हे ज्याला पाठ आहे, त्याला हे जड जाऊ नये. लॅटिनमध्ये झ्यूसचा ज्युपिटर आणि ओडिसियसचा युलिसिस होतो, एवढं लक्षात ठेवा.

समासातले आकडेही तपासा. लॅटिमोरचे ओळक्रमांक मुळाशी जुळतात. फेगल्सचे त्याच्या स्वतःच्या ओळींचे असतात, मुळातल्या ओळी पानाच्या माथ्यावर दिलेल्या. दोन प्रती शेजारी ठेवताना यावरून हमखास गोंधळ होतो. प्रस्तावना शेवटी वाचा, नकाशा मात्र आधी.

डाव्या पानावर मूळ, उजव्यावर इंग्रजी अशी लोएब ग्रंथमाला 1912पासून निघते, ग्रीकला हिरवं वेष्टन, लॅटिनला लाल. मूळ भाषा शिकत असाल तरच ती घ्या.

महाकाव्याचा धीर होत नसेल तर नाटक घ्या, एका बैठकीत संपतं. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा ईडिपस मराठीत पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून आणलाय. वाचनालयात विचारा.