जुना घरगुती ॲम्प्लिफायर पुन्हा जागवताना या चुका टाळा

मामांनी १९८६च्या सुमारास हाताने जोडलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत पंचवटीतल्या घराच्या माळ्यावरून खाली आला. ॲल्युमिनियमचा डबा, पुढे सनमायकाची पट्टी, मागे हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, चार २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर. मामा म्हणाले, "अरे, लावून तर बघ." मी नाही म्हटलं. याआधी एकाचा जुना ॲम्प मी असाच थेट प्लगला लावला होता. फट् असा आवाज झाला आणि खोलीभर करपलेला वास पसरला.

थेट प्लगला लावणं

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या मोठ्या नळकांड्यांमधला) ऑक्साइडचा पातळ थर विरतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की तो कपॅसिटर शॉर्टसारखा वागतो. त्यामुळे पहिल्यांदा सिरीज बल्बवरच लावा, म्हणजे फेजच्या तारेत ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब जोडा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर अर्धा तास तसाच ठेवा, थर पुन्हा धरू लागतो. ढणढणत राहिला तर बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर अजून जोडायचा नाही.

मामांच्या डब्याला दोन पिनांचीच वायर होती, आणि फ्यूज न्यूट्रलमध्ये. त्या काळी फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असायची. आता तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी असते. तीन पिनांची वायर घाला, अर्थिंग डब्याच्या पत्र्याला घट्ट आवळा, स्विच आणि फ्यूज फेजमध्ये घ्या. हे करायचं की नाही असा प्रश्नच नाही.

नकाशा न काढता सोल्डरिंग गन हातात घेणं

घरी बनवलेल्या ॲम्पचं सर्किट बाजारात मिळत नाही, ते बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं. मोबाइलवर फोटो काढा, तारांना चिठ्ठ्या लावा आणि एका चॅनलचं तरी सर्किट कागदावर उतरवा. मी ते आधी केलं नव्हतं. स्पीकरच्या टर्मिनलवर एक १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लोंबकळत होता. निरुपयोगी वाटला म्हणून काढणारच होतो. मामा गालातल्या गालात हसले. तो झोबेल होता. स्पीकरची कॉइल आणि लांब तार यांच्यामुळे ॲम्प ऐकू न येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होऊ नये, यासाठी घातलेला.

झोबेल नसणं ट्रान्झिस्टर बदलताना जास्तच भोवतं. सुरुवातीचे २एन३०५५ संथ होते, नंतरच्या एपिटॅक्सियल बनावटीचे अधिक चपळ आहेत. जुन्या सर्किटमध्ये चपळ ट्रान्झिस्टर बसवला की कधी कधी आवाज ठीक येतो, पण गाणं लावलेलं नसतानाही हीटसिंकला चटका बसतो. तो ट्रान्झिस्टर खराब आहे असं समजून लोक तिसरा, चौथा आणतात. बाजारात नकली भरपूर आहेत हेही खरंच, पण आधी झोबेल तपासा.

आणि अभ्रकाची चकती! २एन३०५५चं धातूचं कवच म्हणजेच कलेक्टर, त्याच्या तीन टोकांपैकी एक; ते हीटसिंकला विजेने जोडलं जाऊ नये म्हणून ही चकती. जुनी चकती तडकलेली असते. नवी चकती आणि पेस्ट लावून स्क्रू आवळल्यावर कवच आणि हीटसिंक यांच्यामध्ये मल्टिमीटर वाजता कामा नये.

"होता त्याच व्होल्टेजचा कपॅसिटर घाला" म्हणणं

ट्रान्सफॉर्मर २४-०-२४चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडे २४ व्होल्ट एसी देणारा. डीसी व्होल्टेज मात्र २४ नसतं. १.४१ने गुणा, डायोडचे वजा करा, तेहतीसच्या आसपास येतं. तेही ॲम्प वाजत असताना. रात्री घरातली वीज २४५ व्होल्टपर्यंत चढली आणि ॲम्प गप्प असला की ३५ ओलांडतं. मामांनी ३५ व्होल्टचेच कपॅसिटर बसवले होते, त्यातले दोन वरून फुगले होते. एम.जी. रोडवरून ६३ व्होल्टचे आणले. मायक्रोफॅरड मात्र अव्वाच्या सव्वा वाढवू नका, स्विच लावताना ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि फ्यूजवर ताण येतो. काम करण्याआधी प्रत्येक मोठा कपॅसिटर १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या पाडून नव्हे.

स्पीकर जोडण्याची घाई

इनपुट शॉर्ट करा, म्हणजे त्याची दोन टोकं एकमेकांना जोडा, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. अर्धा व्होल्ट दिसला तर थांबा. तीस व्होल्ट म्हणजे आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो आणि त्यावर वूफरची कॉइल काही सेकंदांत जळते. एकाच सप्लायवर चालणाऱ्या ॲम्पमध्ये स्पीकरआधी मोठा कपॅसिटर असतो. तिथे कपॅसिटरच्या आधी मोजा, सप्लायच्या निम्मं यायला हवं.

बायस म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट. तो ठरवणारा उघडा, गंजलेला प्रिसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) सरळ बदला. त्याचा मधला पाय सुटला तर कित्येक सर्किटमध्ये करंट एकदम चढतो आणि दोन्ही ट्रान्झिस्टर जातात. ०.३३ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर सात मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २० मिलिॲम्पिअर. तेवढ्यापासून सुरुवात करा.

खरखर आली की स्प्रे

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली की आपण क्लीनर मारतो. दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. आधी पॉटवर, म्हणजे व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरवर, डीसी आहे का ते मोजा. असेल तर गुन्हेगार आधीचा गळका कपलिंग कपॅसिटर (आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा) आहे, पॉट नव्हे. पॉट बदलावाच लागला तर लॉग घ्या. हल्ली मिळणाऱ्या पॉटवर बहुधा ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. लिनिअर बसवला तर सगळा आवाज पहिल्या पाव वळणातच येतो.

घरघरीचंही तसंच. इनपुट शॉर्ट केल्यावरही राहिली तर ती आतली. कर्कश, १०० हर्ट्झची असेल तर फिल्टर कपॅसिटर पाहा. गोलसर, ५० हर्ट्झची असेल तर ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या तारांजवळ आला असेल. केबल जोडल्यावरच येत असेल तर अर्थ लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. त्यासाठी अर्थिंगची पिन कापणारे महाभाग मी पाहिले आहेत.

पहिल्याच गाण्याला निकाल देणं

मी शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर लावतो. त्यांचा जन्म नाशिकचा, १९२१चा. १९५५ला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यामुळे त्यांची बरीच ध्वनिमुद्रणं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची, म्हणजे मोनो. मोनोचा फायदा असा की आवाज बरोबर मध्ये उभा राहायला हवा. एका बाजूला कलला तर चॅनलच्या गेनमध्ये, म्हणजे आवाज किती वाढवतात त्यात, फरक आहे. तबकडीची सरसर मात्र ॲम्पच्या माथी मारू नका. मामांनी पहिल्यांदा तेच केलं, "हिस येतोय रे!" मी केबल काढली, हिस गेला.

जुना आणि दुरुस्त चॅनल शेजारी शेजारी ऐकताना दोन्हीकडे सारखा आवाज ठेवा. जरा मोठा वाजणारा चॅनल कानाला नेहमीच सरस वाटतो. तासभर वाजल्यावर ऑफसेट (स्पीकरच्या टर्मिनलवरचा डीसी) आणि बायस गरम अवस्थेत पुन्हा मोजा. आमच्या डाव्या चॅनलचा बायस सात मिलिव्होल्टवरून अकरावर गेला होता. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला टेकलेलाच नव्हता. क्लिप लावली, साडेसातवर थांबला.