घरीच शिकणारं मूल माणसांत कसं रुळेल? नागपूरकर पालकांसाठी

मुलाला शाळेत घातलं नाही, घरीच शिकवतो, असं सांगितलं की नागपुरात लोक गणित-विज्ञानाचं फारसं विचारत नाहीत. "मंग याले दोस्त कसे भेटतीन?" हा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. शाळेत तीच माणसं रोज भेटतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. घरी शिकणाऱ्या मुलासाठी ते आईवडिलांना मुद्दाम जुळवून आणावं लागतं.

यावर बरेच पालक मुलाला खूप फिरवतात. आज तारांगण, उद्या फुटाळा, परवा कुठली कार्यशाळा. मूल थकतं, माहिती मिळते, पण चेहरे दर वेळी नवे असतात. मला वाटतं, ओळख जुळायला जागा कमी आणि फेऱ्या जास्त लागतात. त्याच ठिकाणी, ठरलेल्या वारी, पुन्हा पुन्हा जायचं आणि तिथे मुलाच्या हाताला काहीतरी काम द्यायचं. पुढे लिहिलेलं सगळं हेच धरून आहे.

आधी कागदपत्रं उरका

हे काम एकदाच नीट करावं आणि मग डोक्यातून काढून टाकावं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. घरी शिकण्याची वेगळी तरतूद त्यात नाही, म्हणून परीक्षेचा रस्ता आधीच ठरवून ठेवलेला बरा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब आणि क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरले जातात. त्यांच्या दहावीसाठी किमान वय १४ आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची असेल तर तो १७ नंबरचा फॉर्म. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती उतरवून ठेवा, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळत राहतं.

एक जाड वही करा. तारीख, काय केलं, कोणाबरोबर केलं, एवढंच रोज दोन-तीन ओळींत लिहायचं. मूल लिहू लागलं की वही त्याच्या ताब्यात द्यायची.

वेळापत्रक ऊन बघून ठरवा

पुण्या-मुंबईचं वेळापत्रक इथे चालत नाही. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत बाहेरचं सगळं काम सकाळी नऊच्या आत उरकायचं, नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर करायचं. दुपार घरात, कूलरसमोर. वाचन, लिखाण, शिवण, सुतारकाम यांना हीच वेळ चांगली. जुलैनंतर आणि थंडीत दिवस उलटा फिरवा. अभ्यास सकाळी लवकर, दुपार मोकळी.

कूलर हा विदर्भातल्या मुलांचा घरचा विज्ञानाचा धडा आहे, तो वाया घालवू नका. हवेचं तापमान मोजायचे साधे दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगा आणि दहा मिनिटांनी वाचा. मे महिन्यात दोन्हींत दहा अंशांहून जास्त फरक सहज दिसतो. ऑगस्टमध्ये तो दोन-तीन अंशांवर येतो. पाण्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि कोरड्या हवेत ती वाफ भराभर होते. म्हणून तोच कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि श्रावणात नुसती चिकचिक करतो. आकडे दर आठवड्याला वहीत लिहून आलेख काढला तर मूल वर्षभर हवामान वाचायला शिकतं.

याच कूलरमधून एक नातंही जुळतं. गल्लीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतातच. उन्हाळाभर त्यांच्या कूलरच्या टाकीत पाणी भरायचं काम मुलाकडे द्या. आधी त्यांची परवानगी घ्या, पहिले काही दिवस सोबत जा, आणि कूलरचं बटण बंद करून, प्लग काढल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही हे नीट शिकवा. बादली किती लिटरची, टाकीत किती बादल्या मावतात, एका दिवसात किती पाणी उडून जातं, हा हिशोब आपसूक होतो. आणि आजी रोज पाच वाजता वाट बघू लागतात. मुलाची कोणी वाट बघतंय, हे त्याच्यासाठी फार मोठं असतं.

आठवड्याचा एक वार एका जागेला द्या

नागपुरात यासाठी जागा भरपूर आहेत. सिव्हिल लाइन्सचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ सालचा आहे. सोमवारी बंद असतो. तिथे एका फेरीत सगळी दालनं दाखवू नका. एक दालन, एक वस्तू, आणि त्या वस्तूचं चित्र. पुढच्या आठवड्यात तिथेच दुसरी वस्तू. हळूहळू तिथले कर्मचारी ओळखू लागतात, मग मूल स्वतःहून प्रश्न विचारतं.

गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र मोठ्या मुलांना जास्त रमवतं. कडबी चौकाजवळचं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय मला वैयक्तिक फार आवडतं, कारण तिथे मोजता येतं. मीटरटेप घेऊन जा. तिथे मांडलेल्या रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मुलाला मोजू द्या, ते ७६२ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. नेहमीच्या गाड्यांचा रुंद रूळ, म्हणजे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. दोन्ही अंतरं घरी अंगणात खडूने आखा आणि वळणावर कोणती गाडी सहज वळेल यावर बोला. डोंगराळ, कमी रहदारीच्या भागात अरुंद रूळ का टाकले, याचं उत्तर मूल स्वतःच देतं. चालू रेल्वेमार्गावर मात्र मोजमापाला जायचं नाही.

जाण्यायेण्याला मेट्रो वापरा. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तिकीट काढणं, गाडी बदलणं, उतरायचं स्टेशन लक्षात ठेवणं हे सगळं सोपवा. तुम्ही मागे चाला.

बाजाराची पिशवी मुलाकडे

सक्करदऱ्याचा बुधवार बाजार असो की घराजवळचा कुठलाही आठवडी बाजार, दर वेळी त्याच भाजीवाल्या काकूंकडे जा. ठरावीक रक्कम आणि यादी मुलाकडे द्या. पालक, वांगी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लसूण. पावकिलोचा भाव, सुट्टे पैसे, उरलेल्या पैशात काय बसतं, हे वहीतल्या गणितापेक्षा खरं असतं, कारण चुकलं तर घरी सांबाराविना भाजी होते. मध्ये बोलू नका. काकू आणि मूल दोघं मिळून जमवतात.

संत्र्यांच्या दिवसांत त्यांचाच एक अभ्यास करा. संत्र्याला बहार, म्हणजे फुलोरा, दोनदा येतो. आंबिया बहाराची फळं साधारण दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे. दोन्ही वेळी एक-एक किलो घ्या. फळं मोजा, साल आणि गर वेगळे तोला, बिया मोजा, चव लिहा. एखाद्या ओळखीच्या बागायतदाराकडे बहर धरताना झाडांना पाण्याचा ताण कसा देतात हे बघता आलं तर उत्तमच.

सोबती शाळेतलेच असू द्या

घरी शिकणारी इतर कुटुंबं शोधा, पण तेवढ्यावर थांबू नका. नागपुरात अशी घरं विखुरलेली आहेत, रोज भेटणं जमत नाही. रोजचे मित्र गल्लीतलेच होणार आणि ते शाळेत जाणारेच असणार. त्यांची सुटण्याची वेळ लक्षात ठेवा आणि संध्याकाळी पाच ते सात हा वेळ कुठल्याही शिकवणीला देऊ नका. मैदानावर रोज जाणं हाच त्या वेळेचा अभ्यास. कबड्डी, पोहणं, तबला, जे आवडेल ते एकच लावा आणि वर्षभर टिकवा. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असतील असा वर्ग मिळाला तर तो निवडा.

घरी शिकवणाऱ्या तीन-चार कुटुंबांची पंधरा दिवसांतून एक बैठक मात्र ठेवा. ती टिकावी म्हणून काही गोष्टी आधीच बोलून घ्या. वार बदलायचा नाही, दोनच घरं आली तरी भेट होणार. प्रत्येक वेळी एका पालकाने स्वतःला येणारं काहीतरी मुलांकडून हाताने करून घ्यायचं. सायकलचं पंक्चर काढणं, जवसाची चटणी कुटणं, बँकेचा फॉर्म भरणं, काहीही. खाणं साधं, पोहे किंवा मुरमुऱ्याचा चिवडा. यजमानीण दिवसभर स्वयंपाकघरात राबली तर पुढच्या वेळी तिच्याकडे जायला सगळ्यांनाच संकोच होतो. सतरंजी घालणं आणि भांडी घासणं मुलांकडे.

सणांत मुलांना काम द्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदीबैल घेऊन मुलं घरोघर जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. दुकानातून सजवलेला बैल आणू नका. आठ-पंधरा दिवस आधीपासून घासणं, रंगवणं, झूल शिवणं सुरू करा आणि शेजारच्या मुलांनाही बोलवा. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असते. काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे, सोबत बडगे, म्हणजे लोकांचा राग दाखवणारे पुतळे. बडग्यांवर यंदा कशाकशावर राग काढलाय याची यादी मोठ्या मुलांनी करावी. शहराला काय खुपतंय ते त्यात सापडतं. गर्दी अफाट असते, लहानांना खांद्यावर घ्या किंवा ओळखीच्या घराच्या गच्चीवरून दाखवा.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, मुलींचा गाण्यांचा सण. आता अनेक वस्त्यांत ती बसत नाही, तर तुम्ही बसवा. मातीची भुलाबाई-भुलोजी मुलांनीच घडवावी, गाणी शेजारच्या आजींकडून शिकावी. खाऊ ओळखण्याचा खेळ तर फारच छान. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, मग हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न विचारत खाऊपर्यंत पोहोचायचं. "तळलेला आहे का?" या एका प्रश्नाने अर्धे पदार्थ गळतात हे सहा वर्षांच्या मुलालाही पटकन कळतं. मुलग्यांनाही या खेळात घ्या, तो फक्त मुलींचा ठेवू नका.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. त्या दिवसांत वस्त्या-वस्त्यांमधले लोक पाणी आणि जेवण वाटतात. ओळखीच्या मंडळाला विचारून मुलाला पाणी वाटायला उभं करा. पुस्तकांच्या दुकानांसाठी वेगळा वेळ ठेवा आणि मुलाच्या हातात थोडे पैसे द्या. लोक एवढ्या लांबून येऊन पिशव्या भरून पुस्तकं घेऊन जातात, हे त्याने डोळ्यांनी बघावं.

सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. ते दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

वर्षातून एकदा सेवाग्रामला जा, सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. हाताने काम करत शिकण्याचा गांधीजींचा नई तालीमचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडला गेला. आपण घरी जे करू बघतो त्याची मुळं इतक्या जवळ आहेत, ती पालकांनीही समजून घ्यावी.

मूल शाळेत जायचं म्हणालं तर

असं होऊ शकतं, आणि तेव्हा त्याचं ऐकावं. आठ-दहा दिवस जाऊ द्या. एखाद्या मित्राशी भांडण झालंय, की खरंच रोज वर्गात बसावंसं वाटतंय, ते शांतपणे बोलून घ्या. खरंच जायचं असेल तर अडवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही असतो. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येही विचारायला हरकत नाही. जन्मदाखला आणि ती जाड वही घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, मुलालाही सोबत न्या, आणि आपण काय काय केलं ते त्यालाच सांगू द्या.