एल्फ घेतला, खेळला माणूसच: या चुका टाळा

धरमपेठेत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो: आपापलं पात्र वठवत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. रविवारी सकाळी तर्री-पोहे झाले की फासे निघतात. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम बघणारा) बहुतेक वेळा मीच. नवा खेळाडू माणसाचं पात्र क्वचितच घेतो. त्याला एल्फ (टोकदार कानांचा, दीर्घायुषी), ड्वार्फ (बुटका, दणकट), टीफलिंग (सैतानी रक्ताचा, शिंगवाला) असलंच काहीतरी हवं असतं. आणि दोन तासांत ते पात्र टोकदार कानांचा नागपूरकर होऊन बसतं.

(पात्राचा असा वंश म्हणजे रेस. तिला मराठीत ‘जात’ म्हणायचा प्रयत्न आम्ही एकदा केला. शब्द तोंडातून निघताच टेबलावर शांतता पसरली. आता रेसच म्हणतो. 2024 च्या नव्या नियमपुस्तकाने तर मुळातला तो शब्दच बदलून ‘स्पीशीज’ केला आहे.)

डार्कव्हिजन म्हणजे टॉर्च नव्हे

डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात बघायची ताकद: सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. “मला डार्कव्हिजन आहे, मशाल कशाला?” असं म्हणून पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, गुहेत शिरते. नियम नीट वाचा. डार्कव्हिजनवाल्याला काळोख मंद उजेडासारखा दिसतो, लख्ख नाही. आणि मंद उजेडात डोळ्यांनी काही हेरायचं असेल तर डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा. पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे फासा न टाकता आपोआप काही लक्षात येण्याचा आकडा, 5 ने घटतो. रंग तर दिसतच नाहीत, सगळं करडं. बहुतेक रेसना हे 60 फुटांपर्यंतच मिळतं.

डीएम असाल तर एखादी खूण रंगात लपवा. आमच्या पार्टीने तीन दारांपैकी लाल दार शोधण्यात पाऊण तास घालवला. मशाल पिशवीतच होती.

याच्या उलट बाजूला ड्राऊ, म्हणजे जमिनीखाली राहणारा एल्फ. 2014 च्या जुन्या नियमांत त्याला 120 फुटांचं डार्कव्हिजन आहे, पण थेट उन्हात हल्ल्यावर आणि नजरेने हेरण्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात. मे महिन्यात भर दुपारी दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून सीताबर्डीत गेलेल्याला दुसरा अर्धा वेगळा समजावून सांगावा लागू नये.

दोन पुस्तकांची भेळ

2014 मध्ये ड्वार्फला कॉन्स्टिट्यूशनचे (काटकपणाचे) 2 गुण रेसमुळे मिळायचे. 2024 मध्ये असे वाढीव गुण बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वायुष्यातून) येतात. जुनी रेस आणि नवं बॅकग्राउंड एकत्र घेतलं तर गुण दोनदा मोजले जातात. अशा वेळी रेसचे गुण सोडून द्यायचे. ड्रॅगनबॉर्नला (ड्रॅगनच्या वंशातल्या पात्राला) डार्कव्हिजन आहे की नाही यावर भांडण झालं तरी आधी पुस्तकाचं साल बघा: 2014 मध्ये नाही, 2024 मध्ये आहे. नव्या ड्राऊला उन्हाचा त्रासही उरलेला नाही, जे मला पटत नाही.

विसरलेली ताकद

एका सेशनला आमचा हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क नावाचा राकट प्राणी) पुलावर बाण लागून पडला. तीन डेथ सेव्ह (जीव वाचवायचे फासे) हुकले, पात्र मेलं, कागद फाडला. रात्री अकराला त्याचा फोन: “अबे, मी मरतच नव्हतो ना!” खरंच होतं. हाफ-ऑर्कचे हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) 0 वर आले आणि तो जागीच ठार झाला नसेल, तर लाँग रेस्टमागे (पात्राच्या रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदा त्याला 1 हिट पॉइंटवर उभं राहता येतं. मी म्हटलं, झालं ते झालं. नवं पात्र करायला लावलं. आज वाटतं, चुकलो. पुढच्या रविवारी दोन मिनिटांत मागे जाता आलं असतं.

उपाय साधा आहे. रेसच्या दोन-तीन खास गोष्टी कॅरेक्टर शीटच्या अगदी वर, हिट पॉइंटच्या शेजारी जाड पेनने लिहा. हाफलिंगने (माणसाच्या निम्म्या उंचीच्या पात्राने) लिहावं: 1 पडला, पुन्हा टाक. एल्फने: झोप नाही, 4 तासांची समाधी. मग पहाऱ्यावर कोण, हा वादही मिटतो.

सगळेच ऑर्क मारबत

तान्ह्या पोळ्याला मारबत (मोठा पुतळा) निघते, गावाची सगळी इडा-पिडा तिच्यावर लादून तिला जाळतात. ऑर्कचं तसं करू नका. ‘माझा ऑर्क आहे म्हणून रागीट’ हे पात्र नाही, पुतळा आहे. राग कुणावर, कशामुळे, एवढं तरी ठरवा. एल्फ असाल तर वय वापरा: तो साधारण शंभरीत वयात येतो आणि साडेसातशेपर्यंत जगतो. समोरच्या म्हाताऱ्या सरदाराला त्याने पाळण्यात पाहिलेलं असू शकतं. हे एकदा बोलून दाखवलं की टोकदार कानांची आठवण करून द्यावी लागत नाही.

घरी बनवलेली रेस

एकाला मुंजा खेळायचा होता. त्याने यादी आणली: भिंतीतून जाणं, अदृश्य होणं, उडणं, मरण नाही. पहिल्या लेव्हलला! असं पात्र असलं की बाकीचे खेळाडू मोबाईल काढतात. सांगाडा तयार रेसचा घ्या, वरचे कपडे आपले घाला. आम्ही त्याला हाफलिंगचे नियम दिले: चण लहान, नशीब जोरदार आणि आपल्यापेक्षा मोठ्या प्राण्याच्या जागेतून सटकता येतं. भिंतीतून नाही, पण माणसांच्या गर्दीतून निघून जाणारा मुंजा झालाच की. पिंपळ दिसला की तो थांबतो. गेल्या तीन सेशनमध्ये त्याने दोन पुजाऱ्यांकडे सोडमुंजीचा खर्च विचारून ठेवला आहे.